हिंदूरावांची कोठी आणि न लिहिलेला अर्थ

दिल्लीच्या उत्तर भागात एखाद्या घरी रात्री-अपरात्री धावपळ उडते. सकाळी शेजारी चौकशी करतात आणि उत्तर मिळते, ‘हिंदूरावला नेले आहे.’ एवढ्यावर शेजाऱ्यांचे समाधान होते. दुखणे घरच्या औषधावर भागण्यासारखे नव्हते, माणूस रुग्णालयात आहे, घरची मंडळी तिकडे अडकली आहेत, आणि जमल्यास संध्याकाळी डबा पोचवण्याची सोय पाहावी, हे सारे त्या तीन शब्दांतून ऐकणाऱ्यापर्यंत पोचलेले असते. वास्तविक त्या वाक्यात ‘आजार’ हा शब्द नाही आणि ‘रुग्णालय’ हाही नाही. आणि ज्या मनुष्याचे नाव त्यात घेतले जाते, तो तर बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या स्वप्नातही नसतो.

संस्कृत साहित्यशास्त्राने अशा शब्दप्रयोगांची चिकित्सा फार पूर्वी केली आहे. गंगेवर गवळीवाडा आहे असे कोणी म्हटले, तर तो वाडा पाण्यावर तरंगत असेल असे कोणी समजत नाही. काठावर आहे असेच समजतो. शब्दाचा सरळ अर्थ बसत नाही, म्हणून मन शेजारच्या अर्थाकडे वळते. याला शास्त्रकारांनी लक्षणा म्हटले. पण गंगेचा काठ म्हणण्याऐवजी बोलणाऱ्याने गंगाच का म्हटली? त्या वाड्याचा गारवा आणि पावित्र्य त्याला सुचवायचे होते म्हणून. हा जो मागाहून उमटणारा अर्थ, त्याला व्यंजना असे नाव दिले गेले. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात या सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा ठरविले. काव्याची गोष्ट मोठी खरी. परंतु या शास्त्राचा प्रत्यय काव्यापेक्षा ओसरीवर, बाजारात आणि कचेरीत अधिक येतो असे म्हणावयास हरकत नाही. आणि कधी कधी तो वधस्तंभाच्या पायथ्याशीही येतो. दिल्लीच्या ज्या टेकडीवर हे हिंदूराव रुग्णालय उभे आहे, तिच्या इतिहासात असा एक प्रसंग घडून गेला आहे.

आधी हिंदूराव कोण, ते पाहावयास हवे. मराठ्यांत हिंदूराव हा मानाचा किताब होता. घोरपडे, घाटगे अशा घराण्यांतून तो चालत आला. दिल्लीचे हिंदूराव हे कागलच्या घाटग्यांपैकी. दौलतराव शिंद्यांच्या वतीने पैसा उकळण्यासाठी ज्यांनी पुणेकरांचा छळ केला आणि ज्यांच्या नावाने पुण्याने पुढे दीर्घकाळ बोटे मोडली, त्या सर्जेराव घाटग्यांचे हे चिरंजीव. आणि दौलतरावांची कर्तबगार पत्नी बायजाबाई हिचे बंधू. १८२७ मध्ये दौलतराव वारले, त्यानंतर ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी हाती ठेवला. १८३३ मध्ये दत्तकपुत्र जनकोजीराव आणि लष्कर यांच्यापुढे त्यांचे काही चालेना, तेव्हा त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. बहिणीबरोबर भावाचेही दिवस फिरले. हिंदूराव दिल्लीस येऊन राहिले, आणि शहराच्या वायव्येस असलेल्या टेकडीवर त्यांनी एक मोठी युरोपीय धाटणीची कोठी विकत घेतली. ती कोठी विक्रीस का निघाली, ही खरी कथा आहे.

त्या कोठीत विल्यम फ्रेझर राहत असे. १८०५ पासून त्याची बहुतेक हयात दिल्लीच्या मुलखात गेली होती. अखेरीस तो दिल्लीचा कमिशनर आणि गव्हर्नर जनरलचा एजंट झाला. फारसी त्याला उत्तम येई; देशी पोशाख, देशी मित्र आणि देशी चालीरीती यांत तो रमलेला असे. मिर्झा गालिबशी त्याचा स्नेह होता. स्वभाव मात्र तापट आणि हुकमी. २२ मार्च १८३५ या दिवशी तो किशनगढच्या राजाकडून आपल्या कोठीकडे घोड्यावरून परत येत होता. अंधार पडलेला होता. वाटेत एक घोडेस्वार जवळ आला, त्याने अगदी लगतून गोळी झाडली आणि फ्रेझर जागच्या जागी ठार झाला.

एवढा मोठा अधिकारी शहराच्या वेशीवर मारला जातो म्हटल्यावर तपासाला सर्व शक्ती लागली. मॅजिस्ट्रेट सायमन फ्रेझर याच्या मदतीला पानिपतहून एक तरुण अधिकारी धावून आला. त्याचे नाव जॉन लॉरेन्स. तोच पुढे १८६४ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. संशयाचा काटा लवकरच दर्यागंजातील एका वाड्याकडे वळला. तो वाडा फिरोजपूर झिरक्याचा नबाब शम्सुद्दीन अहमद खान याचा होता, आणि तेथे त्याचा करीम खान नावाचा पदरचा माणूस बरेच दिवस मुक्काम ठोकून होता. करीम खान नामांकित नेमबाज. दिल्लीत काय करतोस असे विचारल्यावर त्याचे उत्तर तयार असे: नबाबसाहेबांसाठी कुत्री विकत घेण्यास आलो आहे. नबाब शिकारीचा शौकीन, दिल्ली म्हणजे मोठा बाजार. उत्तरात खटकण्यासारखे काही नव्हते.

नबाबाचे आणि फ्रेझरचे वैर असण्याचे कारण घरगुती होते. नबाबाचा बाप अहमद बक्ष खान हा फ्रेझरचा जुना दोस्त. त्याने फिरोजपूरची जहागीर थोरल्या शम्सुद्दीनला आणि लोहारूची जहागीर धाकट्या दोघा सावत्र भावांना, अमीनुद्दीन आणि झियाउद्दीन यांना नेमून दिली होती. बापाच्या मृत्यूनंतर थोरल्याने लोहारूवर हक्क सांगितला आणि फ्रेझरने धाकट्यांची बाजू उचलून धरली. ज्या घरात तो लहानपणी मुलासारखा वावरला, त्याच घराच्या दारातून फ्रेझरने त्याला एकदा परत लावले, असेही सांगतात. वारशाचा तंटा कोर्टात सुटू शकतो. दारातला अपमान कोठे सुटावयाचा?

तपासात दर्यागंजच्या वाड्यात काय सापडले, त्याची हकिकत लॉरेन्सच्या चरित्रात दिली आहे. एका बादलीत कागदाचे फाडलेले तुकडे होते. शाई पाण्याने धुऊन निघाली होती. रासायनिक युक्तीने अक्षरे पुन्हा उठविण्यात आली, तुकडे जुळविण्यात आले. मजकूर फारसीत होता. त्याचा आशय असा: तुला दिल्लीस कशासाठी पाठविले ते तुला ठाऊकच आहे, कुत्री विकत घेणे माझ्या दृष्टीने किती महत्त्वाचे आहे हे मी तुला वारंवार सांगितले आहे, अजून काम झाले नसेल तर विलंब न लावता उरकून टाक.

या पत्रात गुन्हा कोठे आहे? शब्दकोश उघडून बसले तर एकाही शब्दात नाही. कुत्री म्हणजे कुत्री, आणि विकत घेणे म्हणजे विकत घेणे. तरीही ज्यांनी ते वाचले त्यांना क्षणात संशय आला, आणि आजही कोणीही वाचले तरी येईल. हे का घडते याचे उत्तर देण्यासाठी त्या खटल्यानंतर एकशे बत्तीस वर्षांनी एका इंग्रज तत्त्वज्ञाने केलेली मांडणी फार उपयोगी पडते.

हर्बर्ट पॉल ग्राइस हा मूळचा ऑक्सफर्डचा. १९६७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्याने एक व्याख्यानमाला गुंफली. तिच्यातील ‘तर्कशास्त्र आणि संभाषण’ हे प्रकरण १९७५ मध्ये छापून आले आणि भाषाशास्त्रात त्याची मोठी चर्चा झाली. त्याचे म्हणणे वरवर पाहता अगदी साधे आहे. संभाषण हे दोघांनी मिळून करावयाचे काम आहे. ओझे उचलताना दोन हमाल जसे एकमेकांच्या पावलाचा अंदाज घेतात, तसे बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना सांभाळून घेत असतात. बोलणारा हवे तेवढेच सांगेल, कमी नाही आणि जास्त नाही. खोटे वाटते ते सांगणार नाही. विषयाला धरून बोलेल. आणि सरळ, नीटस बोलेल, असा ऐकणाऱ्याचा भरवसा असतो. हे चार दंडक त्याने जर्मन तत्त्ववेत्ता कांट याच्या चार पदार्थवर्गांची नावे उसनी घेऊन मांडले. खरी मौज पुढे आहे. यांतला एखादा दंडक उघड उघड मोडला गेला, तर ऐकणारा बोलणाऱ्याला वेडा ठरवीत नाही. तो म्हणतो, हा समजून-उमजून असे बोलतो आहे. तेव्हा याला दुसरे काही सुचवायचे असले पाहिजे. आणि ते दुसरे काय असेल, ते तो शोधू लागतो.

ग्राइसने दिलेले एक उदाहरण शिफारसपत्राचे आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल त्याचा प्राध्यापक एवढेच लिहितो की, त्याची भाषा चांगली आहे आणि हजेरी नियमित असते. उमेदवाराची वाट लागली! सरकारी दप्तरात वावरणाऱ्यांना या उदाहरणासाठी ऑक्सफर्डपर्यंत जाण्याची गरज पडणार नाही. वार्षिक गोपनीय अहवालात ‘वागणूक सौजन्यपूर्ण, हस्ताक्षर सुवाच्य’ एवढेच लिहून खाली सही झाली, की त्या मनुष्याची बढती कोठे गेली हे कोणत्याही शिरस्तेदाराला कळते. लिहिणाऱ्याने निंदेचा एक शब्द लिहिलेला नसतो.

आता नबाबाचे पत्र या दंडकांवर घासून पाहावे. कुत्री घेणे ही किरकोळ बाब. किरकोळ बाबीची आठवण एकदा दिली तर ती कामाची ताकीद होते. वारंवार दिली, ‘किती महत्त्वाचे’ म्हणून बजावले, ‘कशासाठी पाठविले ते ठाऊकच आहे’ असे म्हटले, की प्रमाणाचा दंडक मोडतो. जे दोघांनाही ठाऊक आहे ते लिहिण्याचे कारण काय? आणि कुत्री जर दोन-तीन महिन्यांत मिळाली नसतील, तर रंग, जात, किंमत, विकणाऱ्याचे नाव यांपैकी काहीच पत्रात का नसावे? खऱ्या कुत्र्यांविषयीच्या पत्रात ही चौकशी आलीच असती. म्हणजे जेथे थोडके बोलावयाचे तेथे पत्र फार बोलले, आणि जेथे बोलणे स्वाभाविक होते तेथे मुके राहिले. परक्या वाचकाला पेटीत काय आहे ते दिसले नाही, पण पेटीला कुलूप आहे हे मात्र स्पष्ट दिसले. एका ओळीत ‘कुत्री घेऊन ये’ एवढेच लिहिले असते, तर तो कागद पाण्यात टाकण्याचीही गरज नव्हती.

येथे आपल्या साहित्यशास्त्राची आठवण पुन्हा येते, कारण ग्राइसने जे सांगितले त्याच्या शेजारचे बरेच काही ते सांगून बसले आहे. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सूचित अर्थ कशाकशामुळे उमटतो याची यादी दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा हेल कसा, प्रसंग कोणता, स्थळ आणि काळ कोणते, असे एकेक घटक त्याने मोजले. सूर्य मावळला हे एकच वाक्य गुराख्याला गुरे परत फिरवण्याची सूचना वाटते, व्यापाऱ्याला दुकान आवरण्याची, आणि वैदिकाला संध्येची. ग्राइसच्या संभाषणात मुख्यतः दोघे असतात. मम्मटाच्या यादीत आणखी एक घटक आहे: जवळ तिसरे कोणी आहे काय?

हा तिसरा मनुष्य मराठी घराला फार परिचयाचा आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण त्याच्याच जोरावर उभी आहे. सासू मुलीला म्हणते, ‘अगं, दूध उतू गेलं तर आम्ही लहानपणी मार खायचो हो!’ मुलगी चुलीपासून दहा हात लांब बसलेली असते. दूध सुनेच्या हातून गेलेले असते. सून जर ‘मला का बोलता?’ म्हणाली, तर ‘तुला कोण बोललं?’ हे उत्तर सासूजवळ तयार आहे. सूचित अर्थाचा हा एक विशेष ग्राइसनेही टिपला आहे: जे सुचविले ते वेळ पडल्यास मागे घेता येते. म्हणूनच रागावण्याइतके ज्यांच्या अंगी बळ नाही तेही आडून बोलतात, आणि ज्यांना हुकूम करण्याचे बळ आहे पण जबाबदारी नको तेही आडूनच बोलतात.

आडून बोलण्याचा मऊ प्रकारही आपल्या भाषेत कमी नाही. घरातून निघताना ‘जातो’ म्हणावयाचे नाही, ‘येतो’ म्हणावयाचे. बांगडी फुटत नाही, ती वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढविले जाते. जुन्या पिढीची स्त्री पतीविषयी बोलताना ‘इकडून येणं झालं का?’ असे विचारी. त्या वाक्यात ना नाव, ना सर्वनाम, पण घरातले पोरही ते कोणाविषयी आहे हे सांगे. पाहुण्याला चहा विचारला तर ‘आत्ताच घेऊन आलो’ असे तो म्हणतो, आणि हा नकार नव्हे हे यजमानाला कळते. दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘अर्धा कप’ असे उत्तर येते. परप्रांतीय यजमानाने पहिल्याच उत्तरावर विश्वास ठेवल्यामुळे चहावाचून परतलेल्या मराठी पाहुण्यांच्या गोष्टी दिल्लीच्या मराठी मंडळींत चवीने सांगितल्या जातात.

मराठ्यांच्या राजकारणात अशा बोलण्याला मोठे मोल होते. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भेलसे येथे त्यांच्या हाती एका सावकारी जासुदाचे पत्र लागले असे सांगतात. त्या पत्रात लढाईचा उल्लेख नव्हता. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांचा तर हिशेबच नाही, असा व्यापारी मजकूर होता. पत्र पेशव्यांसाठी नव्हतेच. ते सावकाराने सावकाराला लिहिले होते. पण तिसऱ्या मनुष्याने ते वाचले आणि त्याला काहीही विचारावे लागले नाही. दोन मोत्ये कोणती हे बापाला आणि थोरल्या भावाला कोणी सांगावयास हवे होते काय? एक मुलगा विश्वासराव, एक चुलतभाऊ सदाशिवराव. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नानासाहेब पुण्यास पर्वतीवर वारले.

उलट बाजूचा प्रसंग १७७३ चा. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबाबत ‘ध चा मा’ झाल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. ‘धरावे’ या शब्दातले एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले, असा आरोप लोकांनी आनंदीबाईंवर ठेवला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात एक भाबडा विश्वास आहे. जणू काय अक्षर बदलले नसते तर गारद्यांनी पेशव्यांना केवळ धरले असते! रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो अक्षर बदलणाऱ्याला नव्हे, रघुनाथरावांना दिला. भाडोत्री हत्यारबंद माणसे वाड्यात घुसविणारा ‘धरा’ म्हणाला तरी ऐकणाऱ्यांना काय ऐकू येते, याची त्या न्यायाधीशाला पुरती समज होती. इंग्लंडात ११७० च्या अखेरीस दुसरा हेन्री राजा बेकेट या धर्मगुरूवर संतापला. त्याने मारण्याचा हुकूम दिला नव्हता. असल्या माणसापासून आपली सुटका करणारे कोणी नाही काय, अशा अर्थाचा त्रागा केला. चार सरदार उठले, कँटरबरीस गेले आणि त्यांनी बेकेटला देवळात ठार केले. राजाने पुढे प्रायश्चित्त घेतले. आपण तसे बोललोच नव्हतो असे म्हणण्याची सोय होती; पण ती त्याला पुरली नाही.

दिल्लीच्या न्यायाधीशापुढे प्रश्न याहून कठीण होता. संशय येणे वेगळे आणि फाशी देणे वेगळे. व्यंजनेच्या विरोधकांपैकी महिमभट्ट या काश्मिरी पंडिताने अकराव्या शतकात असे प्रतिपादन केले होते की, ध्वनी म्हणून वेगळी शब्दशक्ती नाहीच. ज्याला सूचित अर्थ म्हणतात तो निव्वळ अनुमानाने निघतो. रसिकांनी त्याचे म्हणणे फारसे मानले नाही. परंतु न्यायालयात महिमभट्टाचाच पक्ष चालतो. ‘ऐकताच कळले’ हे तेथे पुरावा होत नाही. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, अशी पायरी-पायरीची साखळी दाखवावी लागते. आणि करीम खान तर तोंड उघडावयास तयार नव्हता. पत्रातील ‘कुत्री’ म्हणजे काय, हे सांगू शकणारे दोघेच, एक लिहिणारा आणि एक वाचणारा, दोघेही गप्प.

साखळीचा सुटलेला दुवा एका तिसऱ्याच मनुष्याने पुरविला. खुनाच्या वेळी करीम खानाबरोबर अन्या नावाचा एक मेव होता. तो दिल्लीहून फिरोजपुरास पळाला. परंतु सगळे जाणणारा साक्षीदार आता धन्यालाच जड होणार, हे ओळखून तो तेथूनही निसटला आणि अखेर माफीचा साक्षीदार झाला. त्याला हे भय वाटावयास कोणी धमकी द्यावी लागली नसावी. ज्या पद्धतीने धनी बोलतो ती पद्धत ज्याला कळते, त्याला धन्याचे मौनही कळते. त्याच्या जबानीने कुत्र्यांचा अर्थ न्यायालयात उच्चारला गेला. १८३५ च्या ऑगस्टमध्ये करीम खानाला फाशी झाली, आणि ऑक्टोबरमध्ये काश्मिरी दरवाजाबाहेर खुद्द नबाबाला जाहीरपणे फासावर चढविण्यात आले. त्याने आरोप अखेरपर्यंत मान्य केला नाही. कर्नल स्लीमनने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात ही सर्व कथा सविस्तर सांगितली आहे. तपासाचा डाव पाहता नबाब दोषी असावा, असेच अभ्यासकांचे मत पडते. त्याविरुद्ध जाण्यासारखे सबळ असे काही पुढे आलेले नाही.

दिल्लीच्या लोकांनी मात्र आपला अर्थ निराळा लावला. फासावर लोंबकळणारे नबाबाचे शव आपोआप पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला वळले, अशी बोलवा शहरभर पसरली आणि तो निर्दोष हुतात्मा असल्याची ही खूण मानली गेली. वाऱ्याने फिरलेल्या दोराला बोलण्याचा हेतू नसतो. पण ज्यांना काही ऐकावयाचे असते त्यांना तो पुरतो. मिर्झा गालिबलाही या ऐकण्याचा उपद्रव झाला. त्याचे पेन्शन फिरोजपूरच्या जहागिरीतून येई, त्यावरून त्याचा नबाबाशी तंटा होता, आणि मॅजिस्ट्रेटकडे त्याचे जाणेयेणे होते. एवढ्यावरून त्यानेच बातमी पुरविली असा संशय शहराने धरला. तंटा, ओळख आणि अटक या तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्यांचा संबंध लोक जोडतातच. संबंध नसता तर त्या शेजारी आल्याच कशाला, असा त्यांचा कौल असतो. नबाब गेला तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. तोच पुढे लाल किल्ल्यात वाढून दाग देहलवी या नावाने उर्दूचा मोठा शायर झाला. दिल्लीच्या बोलीतला, घरगुती संभाषणातला आडून मारलेला टोला दागच्या गझलेत जसा उतरला, तसा फार थोड्यांच्या शायरीत उतरला असेल.

अशी ही कोठी मोकळी झाली आणि हिंदूरावांनी ती घेतली. खून झालेल्या धन्याचे घर घेण्यास दुसरे कोणी कचरले असते. परमुलखात राहणाऱ्या या सरदाराने तेथे इतमामाने दिवस काढले आणि १८५७ पूर्वीच त्यांचे निधन झाले. इंग्रजांनी त्यांच्या आदरातिथ्याची आठवण ठेवली. मराठी कागदांत त्यांच्या दिल्लीतील आयुष्याचा माग फार थोडा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु एका बाबतीत त्यांचे नाव मोठ्या कार्याला चिकटून आहे.

कोठीच्या परिसरात एका प्रचंड दगडी स्तंभाचे पाच तुकडे पडलेले होते. स्तंभ अशोकाचा. मूळचा मीरतचा, चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीस आणून या टेकडीवर उभारला होता, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी दारूगोळ्याच्या स्फोटाने तो कोसळला. हिंदूरावांनी ते तुकडे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला दिले. त्यावरची लिपी त्या काळी कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मी लिपीचा उलगडा झाला तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर अनेक छोटे-छोटे लेख होते आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत. प्रिन्सेपने विचार केला की, देवस्थानाच्या दगडादगडावर निरनिराळी माणसे असा आटोपशीर मजकूर कोरतात ती कशासाठी? अर्थात आपली देणगी नोंदविण्यासाठी. तर मग शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे. अक्षर कळण्यापूर्वी त्याने प्रसंग ओळखला. मग द आणि न ही अक्षरे हाती आली आणि बाकीची लिपी त्यामागून उलगडत गेली. दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरणारे वेडे नव्हते, त्यांनी स्थळकाळाला धरूनच लिहिले असणार, हा भरवसा त्याच्या कामी आला. दर्यागंजच्या बादलीतील तुकडे जुळविणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोनच वर्षांपूर्वी हेच केले होते.

असा भरवसा दर वेळी फळाला येतोच असे नाही. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरू लागल्या. एका गावचा चौकीदार दुसऱ्या गावच्या चौकीदाराला चपात्या देई आणि आणखी करून पुढे पाठव म्हणे. दिल्लीत पहाडगंजचा ठाणेदार मुईनुद्दीन हसन खान याच्यापर्यंत ही बातमी आली. त्याने पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीत नमूद केले आहे की, मराठ्यांची सत्ता ढासळण्याच्या वेळी ज्वारी-बाजरीसारख्या धान्याचे कणीस आणि भाकरीचा घास असाच गावोगाव फिरला होता, असे त्याने वडिलांच्या तोंडून ऐकले होते. तेव्हा हे काही मोठ्या उलथापालथीचे चिन्ह असावे. चपात्या कोणी काढल्या आणि त्यांचा अर्थ काय, हे पुढेही निश्चित झाले नाही. कदाचित पहिल्या पाठविणाऱ्याच्या मनात रोगराईवरील उताऱ्यापलीकडे काही नसेलही. पण चौकीदार धावतो, हाती काही देतो आणि पुढे पाठव म्हणतो, म्हटल्यावर त्यात काही निरोप नाही असे मानावयास मनुष्याचे मन तयार होत नाही. तीन-चार महिन्यांत मेरठची पलटण दिल्लीत शिरली, आणि चपात्यांना अर्थ मागाहून मिळाला.

त्या उन्हाळ्यात हिंदूरावांची कोठी हे टेकडीवरील इंग्रजी फौजेचे सर्वांत पुढचे ठाणे झाले. मेजर रीडच्या हाताखालच्या सिरमूर पलटणीतील गुरख्यांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते लढविले. त्यांच्या ४९० माणसांपैकी ३२७ जण मारले गेले वा जखमी झाले. भिंती तोफगोळ्यांनी चाळणीसारख्या झाल्या. पुढे त्या वास्तूचा उपयोग आजारी सैनिकांसाठी होऊ लागला, आणि १९११ मध्ये तेथे सोळा खाटांचे छोटे रुग्णालय निघाले. आज ते दिल्ली महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे. जवळच्या एका वस्तीला बाडा हिंदूराव म्हणतात.

स्तंभाचे तुकडे कलकत्त्याहून परत आले आणि १८६७ मध्ये ते जोडून स्तंभ रुग्णालयाजवळच्या टेकडीवर पुन्हा उभा करण्यात आला. त्याच्या चौथऱ्यावर इंग्रजीत एक शिला बसविली आहे. स्तंभ मीरतला अशोकाने उभारला, १३५६ मध्ये फिरोजशहाने येथे आणला, १७१३ ते १७१९ च्या दरम्यान त्याचे पाच तुकडे झाले, आणि ब्रिटिश सरकारने तो पुन्हा बसविला, असा मजकूर तिच्यावर आहे. तुकडे ज्यांनी दिले त्यांचे नाव त्या शिलेवर नाही.